जग संपल्यानंतरचा हिंगोली जिल्हा: गेम रचणाऱ्यांसाठी

मोबाइलवर गेम खेळणारी मराठवाड्यातली मुलं आता गेम बनवायलाही लागली आहेत. गोडो आणि ब्लेंडर ही दोन्ही साधनं फुकट मिळतात आणि बेताच्या संगणकावरही चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणून आपल्याकडची गोष्ट जगभर खेळली जाते हेही दाखवून दिलं आहे. यातल्या बऱ्याच जणांचा पहिला बेत जग संपल्यानंतरच्या गोष्टीचा असतो, आणि तो शहाणपणाचाही आहे. माणसं थोडी म्हणून पात्रं थोडी लागतात, आणि पडक्या घरांच्या चित्रात हाताच्या चुका झाकल्या जातात. खेळणाऱ्याला तर पहिल्या क्षणापासून काम असतं, जीव जगवायचं.

अडचण पुढे येते. कळमनुरीचा मुलगा असो की सेनगावची मुलगी, त्यांनी रचलेलं उद्ध्वस्त जग नेवाडाच्या वाळवंटासारखं दिसतं. पिवळी धूळ, करपलेले बुंधे, वर्षभर एकाच रंगाचं आभाळ. हे जग 'फॉलआउट' मालिकेतून उचललेलं असतं, आणि त्या मालिकेचे काही भाग खरोखरच अमेरिकेच्या कोरड्या पट्ट्यात घडतात. हिंगोलीत वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इथली जमीन माणसांवाचून उजाड होणार नाही, ती झाकली जाईल. ज्यांना आपल्या जिल्ह्यातलं उद्ध्वस्त जग खरं वाटेल असं रचायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझा आग्रह एवढाच की भिंत पाडण्याआधी त्या भिंतीखालच्या मातीला विचारा.

आधी कारण, मग वर्षं

नकाशा काढण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: जग कशाने संपलं, आणि त्याला किती वर्षं झाली. पुढचं सगळं यावर ठरतं. 'फॉलआउट ३' हा २००८चा गेम. त्यात अणुयुद्ध २०७७ मध्ये होतं आणि गोष्ट २२७७ मध्ये घडते, म्हणजे बरोबर २०० वर्षांनी. तरीही वॉशिंग्टन शहर राखाडी, निष्पर्ण दिसतं. हिशोब करून पाहा. अणुस्फोटानंतर पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीचा ढोबळ नियम असा, की वेळ सातपट झाला की किरणोत्साराची तीव्रता दहावा हिस्सा उरते. पहिल्या तासाला जेवढी असेल तिच्या एक दशांश सात तासांनी, एक शतांश दोन दिवसांनी, एक सहस्रांश दोन आठवड्यांनी. त्यानंतर मागे राहतात ते सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांसारखे चिवट घटक. त्यांचं अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास आहे. २०० वर्षांत सीझियमचा सुमारे शंभरावा भाग उरेल. वर्षाला हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या वॉशिंग्टनमध्ये तोवर दाट अरण्य माजायला हवं.

याचा पुरावा चेर्नोबिलला आहे. २६ एप्रिल १९८६ला तिथली अणुभट्टी फुटली. जवळचं पाइनचं वन लाल पडून मेलं, पण काही दशकांत त्याच परिसरात झाडी परत आली, लांडगे वाढले, आणि १९९८ मध्ये सोडलेले प्रझेवाल्स्की घोडे आजही तिथे कळपाने फिरतात. किरणोत्साराचं नुकसान खरं आहे, पण माणूस निघून गेल्याचा परिणाम त्याहून मोठा दिसतो. कीव्हच्या निर्मात्यांनी २००७ मध्ये आणलेला 'स्टॉकर' याच परिसरात घडतो. निर्माते प्रत्यक्ष जागेवर जाऊन आले होते, आणि गेममधलं गवत, पडझड, ओलसर करडा उजेड पाहताना ते जाणवतं.

तुम्हाला अणुयुद्धच हवं असेल तर हिंगोलीवर बॉम्ब टाकू नका. बॉम्ब टाकावा असं इथे काही नाही. इथे येईल ती काजळी. ॲलन रोबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये भारत-पाकिस्तान युद्धात हिरोशिमाच्या आकाराचे १०० बॉम्ब वापरले गेले तर काय होईल, याचं गणित मांडलं. जळत्या शहरांची पन्नास लाख टन काजळी उंच वातावरणात गेली तर जगाचं सरासरी तापमान सुमारे सव्वा अंशाने उतरेल, परिणाम दहा वर्षं टिकेल आणि मोसमी पाऊस अशक्त होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे हिंगोलीतली आपत्ती ही लागोपाठ फसलेल्या मृगाची आणि न भरलेल्या दाण्यांची असेल. ती पाहायला शांत आणि जगायला फार क्रूर आहे. १९७२चा दुष्काळ अनुभवलेली माणसं अजून गावोगाव आहेत. गोष्ट लिहिण्याआधी त्यांच्याजवळ बसा: सुकडी, मिलोचे दाणे, खडी फोडण्याची कामं. दुष्काळात माणसं काय खातात, काय विकतात आणि गाव कधी सोडतात, हे कुठल्याही गेममधून कळणार नाही.

रोगाची साथ हे दुसरं कारण, आणि गेमच्या दृष्टीने सर्वांत सोयीचं, कारण त्यात घरं, विहिरी, यंत्रं जागच्या जागी राहतात. 'द लास्ट ऑफ अस' या २०१३च्या गेममध्ये मुंग्यांचा ताबा घेणारी बुरशी माणसात शिरते. कल्पना देखणी आहे, पण बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची ३७ अंशांची ऊब सोसत नाही, हा तिच्या वाटेतला मोठा अडसर. महाराष्ट्राने २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस पाहिला. तो मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना गाठत होता, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत नव्हता. तुमच्या गोष्टीला साथ हवी असेल तर विषाणू निवडा, आणि त्याचं फार स्पष्टीकरण देत बसू नका.

पाणी वाढेल

यापुढे मी धरून चालतो की साथीने माणसं गेली आणि काही वर्षं उलटली. आता मेमधली कयाधू डोळ्यांपुढे आणा: कोरडं पात्र, डबकी, वाळूचे खड्डे. माणसं गेल्यावर ती आणखी कोरडी होईल असं वाटतं. माझ्या मते होईल उलटं.

हिंगोलीच्या खाली बसाल्टचे थरावर थर आहेत. अखंड, घट्ट बसाल्टात पाणी मुरत नाही. ते साठतं वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. हा साठा उथळ आणि लहान. दर पावसाळ्यात भरतो आणि पुढे बोअर-विहिरींच्या मोटारी तो उपसून काढतात. मोटारी बंद पडल्या की दोन-चार पावसाळ्यांत विहिरींची पातळी वर येईल. भरलेला मुरूम ओढ्यांना आणि नदीला हळूहळू पाणी सोडत राहील, आणि हिवाळ्यानंतर आटणारे ओढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झुळझुळत राहतील. मेमध्ये तेही थकतील, पण आजच्याएवढे नाहीत.

खेळणाऱ्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. पाणी कुठे आहे हे त्याला जमीन वाचून कळलं पाहिजे. तीनशे फुटांचं बोअर असेल तर विजेशिवाय त्यातलं पाणी काढता येत नाही. पोहरा जाईल अशी जुनी रुंद तोंडाची विहीर, आड, पायऱ्यांची बारव मात्र जीव वाचवेल. उंच माळावर पाणी नाही, सखल भागात ओढ्याकाठी आहे, आणि जिथे उन्हाळ्यातही जांभूळ-उंबर हिरवेगार दिसतात तिथे पाणी जवळ आहे. ही खूण कुठलाही बाण न दाखवता खेळणाऱ्याला वाट दाखवते.

धरणांचं काय? पूर्णा नदीवर येलदरी, त्याखाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर, आणि कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवर इसापूर. या धरणांचा मोठा भाग मातीच्या भरावाचा आहे. दारं उचलायला कुणी नसलं तर पहिला पावसाळा काय करेल, ते दारं कुठल्या स्थितीत राहिली यावर ठरेल. मातीच्या धरणाला सर्वांत मोठं भय वरून पाणी वाहण्याचं. भराव कापायला लागला की काही तासांत खिंड पडते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, ते बांधकाम तर अजून पूर्णही व्हायचं होतं. येलदरी फुटलं तर त्याचा लोंढा सिद्धेश्वरच्या अंगावर येईल, कारण दोन्ही एकाच नदीवर एकाखाली एक आहेत. गेममध्ये धरणफुटी दाखवायची असेल तर ती पाच-पंचवीस वर्षांनंतरच्या एखाद्या अतिवृष्टीत दाखवा. तोपर्यंत भरावावर झाडं रुजलेली असतील, मुळांच्या आणि उंदीर-घुशींच्या वाटांनी पाणी झिरपत असेल, सांडव्यात गाळ आणि ओंडके अडकलेले असतील. फुटल्यानंतर मागे राहील ते गाळाचं विस्तीर्ण सपाट मैदान, त्यावर पहिल्याच पावसाळ्यात गवत, आणि मधोमध नवा नाला कापत गेलेली नदी. जिल्ह्यातली सर्वांत सुपीक जागा तीच असेल. तुमच्या गोष्टीतली वाचलेली माणसं तिच्यासाठी भांडतील.

काळी माती

गेममध्ये जमीन दुभंगलेली दाखवायची असली की भूकंप आणतात. हिंगोलीत भूकंप आहेत. २१ मार्च २०२४ला सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५चा. कळमनुरी, वसमत, औंढा भागातल्या काही गावांनी जमिनीतून येणारे गूढ आवाज त्याआधीही अनेक वर्षं ऐकले आहेत. पण या तीव्रतेच्या धक्क्यांनी जमिनीत दऱ्या पडत नाहीत. दऱ्या पाडतं ते मेमधलं ऊन.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या रुंद, कमरेइतक्या खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते, पावसाने भेगा मिटतात, खालची माती वर ढकलली जाते. दरवर्षी जमीन स्वतःलाच नांगरते म्हणा. गेम रचणाऱ्याला यातून तीन गोष्टी फुकट मिळतात. लहान वस्तू भेगांत हरवतात आणि खोल जातात, उलट दगड वर येत राहतात. उन्हाळ्यात चालायला सोपी असलेली जमीन पावसाळ्यात पाय धरून ठेवते. चिखलात गाडी तर सोडाच, बैलही रुततो. आणि या मातीवर उभं केलेलं काहीही सरळ राहत नाही.

म्हणून अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड असा जाणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग शंभर वर्षांनंतर सलग दाखवू नका. काळ्या मातीवरचा डांबराचा भाग दोन-तीन पावसाळ्यांत कडांनी खचेल, दहा वर्षांत भेगांतून बाभूळ आणि तरवड उगवेल, तीस वर्षांत तो नुसत्या खडीचा पट्टा असेल. मुरमाड माळावरचा भाग मात्र बराच टिकेल. पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग २००८ मध्ये रुंद झाला. त्याचा खडीचा उंच भराव पावसाळ्यात चालायला जिल्ह्यातली सर्वांत भरवशाची वाट ठरेल. साप उबेला तिथेच येऊन बसतील, हेही लक्षात असू द्या.

घरांचा क्रमही मातीच ठरवते. दगड-मातीच्या भिंतींचं, वर मातीचं माळवद असलेलं जुनं घर दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकून जपावं लागतं. जपणारा गेला की पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि पाच ते दहा वर्षांत छत खाली येतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात याच प्रकारच्या जड भिंतींखाली हजारो माणसं गेली. तुमच्या गेममध्ये असं घर पडताना दाखवणार असाल तर ते मजेसाठी पाडू नका, ते दुःख अजून ताजं आहे. सिमेंटचं नवं घर पहिली काही दशकं उभं दिसेल. पण भेगांतून शिरलेलं पाणी आणि हवा आतल्या गजाला गंज चढवतात, गंजलेला गज फुगून काँक्रीटची सालपटं काढतो, आणि पन्नास ते शंभर वर्षांत स्लॅब कोसळतात. सर्वांत शेवटी उरेल तो घडीव काळा दगड. औंढा नागनाथाच्या देवळात वरचं बांधकाम नंतरच्या काळातलं, खालचं हेमाडपंती. पिंपळाची मुळं आधी वरच्या भागाचा ताबा घेतील. खाली दगड दगडावर नुसत्या वजनाने बसलेला आहे, त्यात गंजायला लोखंडाचा गज नाही. सातशे वर्षं उभा राहिलेला तो भाग आणखी काही शतकं सहज काढेल.

झाडी कुठली

दाट, वेली लोंबणारं जंगल इथे दाखवू नका. पडीक शेतात पहिल्या वर्षी गाजर गवत, तरोटा आणि आघाडा येतील. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वेडी बाभूळ, बोर, तरवड. वीस वर्षांनी पळस, बाभूळ, कडुनिंब, आणि टेकड्यांवर सागाचे पुन्हा फुटलेले बुंधे. मधल्या माळांवर कमरेइतकं गवत उभं राहील, कारण चरायला गुरं नाहीत आणि कापायला माणसं नाहीत. हेच गवत फेब्रुवारीपासून वाळेल, एप्रिल-मेच्या वळवाच्या विजांनी पेटेल, आणि वणवा दर काही वर्षांनी झाडोरा मागे रेटेल. हिंगोलीचं भविष्य हे असं: झाडं विखुरलेली, गवत उंच, ओढ्याकाठी हिरवी रांग. ऋतू किमान तीन करा. ऑगस्टमधली हिरवाई, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाचा शेंदरी बहर, मेमधला राख आणि मातीचा रंग. एकाच नकाशावर तिन्ही रंग आले की अर्धी लढाई जिंकली.

अन्न शोधणं हा अशा गेमचा कणा, आणि इथे मी निर्मात्यांना सर्वांत जास्त कष्ट घ्यायला सांगेन. वसमत भागाची हळद जगभर जाते, पण हळदीला पेरण्याजोगं बी धरत नाही. ती बेण्यापासून लावावी लागते आणि आठ-नऊ महिने पाणी मागते. पाणी देणारा गेला की बहुतेक शेतांतून ती जाईल आणि एखाद्या विहिरीच्या ओलाव्याला, झाडाच्या सावलीत तिची बेटं तगून राहतील. सोयाबीनचं बी वर्ष-दोन वर्षांत उगवणशक्ती गमावतं. संकरित कपाशीचं सरकीतून उगवलेलं झाड मूळ वाणासारखं निपजत नाही. तुरीचं झुडूप न कापता राहिलं तर दोन-तीन वर्षं शेंगा देईल. आणि ज्वारी? पत्र्याच्या कोठीतली ज्वारी किडे एका हंगामात संपवतील.

पेवातली ज्वारी मात्र टिकते, आणि यात तुमच्या गेमसाठी सुंदर विज्ञान दडलेलं आहे. जमिनीत खोदलेल्या, तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात दाणे आणि किडे श्वास घेत प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, किडे मरतात आणि धान्य वर्षानुवर्षं राहतं. तोच वायू आत उतरणाऱ्या माणसाला मारतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद याच पद्धतीने पेवांत साठवत, २००५च्या महापुराने त्यातली बरीच पेवं गेली. खेळणाऱ्याला पेव सापडलं तर ते उघडून वाट पाहायची, दिवा सोडून बघायचा, दोर बांधून उतरायचं, हे सगळं त्याने करायला हवं. घाई केली तर मरण. राक्षस न आणताही भीती अशी आणता येते.

प्राणी

उत्परिवर्तित अक्राळविक्राळ प्राण्यांची इथे गरजच नाही. किरणोत्साराने जनुकांत झालेले बदल बहुधा प्राण्याला दुबळं करतात किंवा जन्माआधीच मारतात, त्याला दोन डोकी आणि दुप्पट ताकद देत नाहीत. हिंगोलीतला खरा धोका पहिल्या वर्षी मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांचा आणि पिसाळण्याचा असेल, कारण रेबीजची लस थंड ठेवायला वीज नसेल. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं घरांत वस्तीला येतील, आणि सर्पविषावरच्या लसीची मुदत काही वर्षांत संपेल. जर्सी-होल्स्टिन संकरित गाई निगा आणि खुराकाशिवाय फार तगणार नाहीत. लाल कंधारी आणि देवणी या इथल्या मातीतल्या जातींचे कळप रानटी होऊन टिकतील. रोही, काळवीट, रानडुकरं वाढतील, त्यांच्यामागे लांडगे. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्याने गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये त्यावर बंदी आली. तुमच्या जगात हे औषधच उरलेलं नाही, तेव्हा पन्नास वर्षांनंतरच्या आभाळात गिधाडं घिरट्या घालताना दाखवायला तुम्ही मोकळे आहात.

आणि वाघ. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ शेतं, ओढे आणि रस्ते ओलांडत हिंगोली जिल्ह्यातूनही गेला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. माणसं असताना जो गेला, तो माणसं नसताना नक्की राहील. त्याचा माग ओढ्याच्या चिखलात ठेवा आणि त्याला क्वचितच दाखवा.

यंत्रं

इथे गेम हमखास खोटे ठरतात. पेट्रोल काही महिन्यांत बिघडायला लागतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि लवकर जातं. डिझेल वर्ष-दीड वर्ष निभावेल. वीस वर्षांनी गाडी सापडून चावी फिरवताच सुरू होणं शक्य नाही, बॅटरी तर त्याआधीच मेलेली असते. पण जुनं, हळू फिरणारं डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालतं. १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात असं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं होतं. मराठवाड्यात करडई आहे, करंज आहे. घाणा दुरुस्त करा, करडई पिकवा, विहिरीवरचं इंजिन फिरवा, अशी साखळी खेळणाऱ्याला द्या.

दुसरी गोष्ट सौर पंपांची. गेल्या काही वर्षांत ते शेतोशेत बसले आहेत. अनेक पंप बटण चालू राहिलं तर ऊन पडताच आपोआप सुरू होतात. माणसं गेल्यावरही काही वर्षं, मोटारीचं बेअरिंग किंवा कंट्रोलर जाईपर्यंत, एखादं शेत रोज सकाळी भिजत राहील. त्याभोवती हिरवं वर्तुळ, प्राण्यांच्या वाटा, कदाचित तिथेच तगलेली हळद. पॅनेल पंचवीस वर्षांनीही बऱ्यापैकी वीज देईल, त्यावरची धूळ पाऊस धुऊन काढेल. या एका जागेवर आख्खी पातळी रचता येईल.

आणि हिंगोलीकडे जगात फार थोड्या ठिकाणी असलेली वास्तू येते आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत निर्वात पोलादी नळी. गोष्टीची तारीख ती पूर्ण झाल्यानंतरची धरा. वीज गेल्यावर निर्वात पोकळी हळूहळू बिघडेल, पण न गंजणारं पोलाद काँक्रीटच्या आवरणापेक्षा कितीतरी जास्त टिकेल. नळीला भोक पडलं तर स्फोट होणार नाही, हवा आत ओढली जाईल आणि तिची शीळ लांबवर ऐकू येईल. टेकडीवरून दिसणारी ती सरळ रेघ शंभर वर्षांनंतरही माणसाने आखलेली म्हणून ओळखू येईल.

खरे नमुने पाहा

कल्पना अडली तर महाराष्ट्रात घडून गेलेले शेवट पाहा. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं चौकोनी घरांत राहून शेती करत होती. हवामान कोरडं होत गेलं तशी घरं लहान आणि गोल झाली, शेती घटली, शिकार आणि मेंढरं वाढली, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. मोठा धमाका नाही, तीनशे वर्षांची उतरण. तुमच्या गोष्टीतली वाचलेली माणसं कशी घरं बांधतील याचं उत्तर इथे आहे: मोडक्या बंगल्यात ती राहणार नाहीत, त्याचे पत्रे आणि विटा काढून पाण्याजवळ लहान खोपी घालतील.

याहून जुना शेवट पायाखाली आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहत होता. दोन थरांमध्ये सापडणारी लाल माती आणि वनस्पतींचे जीवाश्म सांगतात की लाव्हा थांबला की त्यावर माती तयार होत होती, झाडं येत होती, मग पुढचा लाव्हा. वेगळं, परक्या ग्रहासारखं काही हवं असेल तर लोणार फार दूर नाही. उल्केने बसाल्टात पाडलेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, आत क्षारयुक्त सरोवर. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं आणि आघारकर संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याचं कारण निघाले. विषारी हिरवं तळं कल्पनेने रंगवण्यापेक्षा हे गुलाबी पाणी कारणासकट दाखवा.

कामाला लागताना इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून जमिनीच्या उंचीची माहिती उतरवून घ्या, ती गोडोमध्ये भूभाग म्हणून घालता येते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला, म्हणून जुनी माहिती परभणीच्या गॅझेटिअरमध्ये शोधा. विहिरींच्या पातळ्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे असतात, पिकांविषयी परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारता येतं. गावातल्या पडक्या वाड्याचे जून, ऑक्टोबर आणि मेमध्ये एकाच जागेवरून फोटो काढा आणि कुठल्या भेगेतून काय उगवलं ते नावासकट लिहा. नाव येत नसेल तर गुरं चारणाऱ्या माणसाला विचारा.

पहिल्या गेमला अख्खा जिल्हा घेऊ नका. एक ओढा, त्यावरची एक विहीर, एक वाडा, रेल्वेचा एक किलोमीटर भराव आणि तीन ऋतू एवढंच घ्या. ते नीट उभं राहिलं की चार वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना पडद्यासमोर बसवा आणि काही न सांगता फिरू द्या. "इथं हे झाड कसं काय आलं?" असं त्यांनी जिथे विचारलं, तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.